चार ॲनालॉग लाइन आणि उशिरा परत येणारा आपलाच आवाज

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्यातील आपल्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात चार ॲनालॉग टेलिफोन लाइन आहेत. मार्च महिन्यात जुने ईपीएबीएक्स (कार्यालयातले छोटे टेलिफोन एक्स्चेंज) काढून संगणक नेटवर्कवर चालणारे आयपी-पीबीएक्स आणि बाहेरच्या लाइन त्याला जोडणारा, चार एफएक्सओ पोर्टांचा (ॲनालॉग लाइन लावायच्या जागांचा) गेटवे बसवला. तेव्हापासून बाहेरच्या प्रत्येक कॉलवर कर्मचाऱ्यांना स्वतःचाच आवाज किंचित उशिराने परत ऐकू येतो, समोरच्या व्यक्तीला मात्र काहीच जाणवत नाही. चौथ्या लाइनवर हा त्रास सर्वाधिक असून पाऊस सुरू झाल्यापासून तो वाढला आहे. पुरवठादाराने हा परत येणारा आवाज, म्हणजे इको, पुसणाऱ्या इको कॅन्सलरची लांबी (किती उशिरापर्यंतचा इको तो हाताळतो ती मर्यादा) १२८ मिलिसेकंदांपर्यंत वाढवून पाहिली, पण फरक पडला नाही. लाइनमनने साधा फोन जोडून दाखवला, त्यावर इको नव्हता, म्हणून तो म्हणतो की लाइन ठीक आहे. दोष नेमका कोणाकडे, असे आपण विचारले आहे.

गोव्यात ईपीएबीएक्स आणि टेलिफोन लाइनची कामे मी गेली पंचवीसेक वर्षे करीत आलो आहे, आणि हा वाद मी अनेक कार्यालयांत ऐकला आहे. पुरवठादार आणि लाइनमन दोघांनीही आपण जे पाहिले तेच सांगितले आहे. गोंधळ होतो तो एका समजुतीमुळे, की इको ही नव्या यंत्राने निर्माण केलेली नवी गोष्ट आहे. परत येणारा आवाज आपल्या लाइनवर पूर्वीपासूनच होता. नवा आहे तो त्याचा उशीर.

टेलिफोनच्या तांब्याच्या एका जोडीवर दोन्ही बाजूंचे बोलणे एकाच वेळी, दोन्ही दिशांनी जात असते. गेटवेच्या आत मात्र जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळ्या वाटांनी न्यावा लागतो. दोन तारांवरून चार तारांवर नेणारे हे वळण ज्या परिपथात असते त्याला हायब्रिड म्हणतात. हायब्रिडचे काम वजाबाकीचे आहे: जोडीवर जे काही एकत्र ऐकू येते त्यातून आपण स्वतः पाठवलेला आवाज वजा करायचा आणि उरेल तो समोरच्याचा म्हणून पुढे द्यायचा. ही वजाबाकी करण्यासाठी त्याच्याकडे आपल्या लाइनची एक नक्कल असते, तिला बॅलन्स नेटवर्क म्हणतात. नक्कल जितकी हुबेहूब, तितकी वजाबाकी चोख. लाइनचा इम्पीडन्स (आवाजाच्या विद्युत लहरींना होणारा एकूण विरोध) आणि नकलेचा इम्पीडन्स यांत जेवढी तफावत, तेवढा आपला आवाज वजा न होता मागे वळतो.

साध्या फोनमध्येही हा उरलेला आवाज असतोच, किंबहुना तो थोडा हवाच असतो, कारण कानाशी धरलेल्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज जराही आला नाही तर फोन बंद पडल्यासारखा वाटतो. तिथे तो तत्क्षणी येतो, म्हणून कान त्याला इको मानत नाही. आपल्या आयपी फोनवर मात्र आवाज आधी २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत गोळा होतो, त्याचे पॅकेट होते, ते गेटवेत पोचते, जिटर बफरमध्ये (मागेपुढे येणारी पॅकेट एका लयीत आणणाऱ्या साठ्यात) थांबते, मग हायब्रिडपर्यंत जाते, आणि तिथून वळलेला अंश तेवढाच प्रवास उलट करून परत येतो. जाऊन येऊन ८० ते १०० मिलिसेकंद सहज होतात. साधारणपणे २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आतला परतीचा आवाज आपल्या बोलण्यात मिसळून जातो, त्यापलीकडचा वेगळा ऐकू येऊ लागतो. म्हणून साध्या फोनवर इको न येणे हा लाइन निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे, आणि जुन्या ईपीएबीएक्सवर इको नसणे हा गेटवे सदोष असल्याचाही पुरावा नव्हे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आवाज कुठून वळतो हे निश्चित करावे. नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: ज्याला इको ऐकू येतो त्याच्या फोनपाशी तो बहुधा तयार होत नाही, त्याच्या आवाजाच्या वाटेवर पुढे कुठेतरी तयार होतो. बाहेरच्या ग्राहकाला स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल, तर आपल्या कर्मचाऱ्याने फोनचे म्यूट बटण दाबून पाहावे. इको तत्काळ थांबला तर तो आपल्या रिसीव्हरच्या किंवा स्पीकरच्या आवाजातून मायक्रोफोनमध्ये शिरत आहे. फरशीची जमीन आणि उंच कौलारू छप्पर असलेल्या खोल्यांत स्पीकरफोन वापरला की असे हमखास होते. आपल्याकडे तसे नाही. एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्यावर बोलताना इको नसेल आणि बाहेरच्या प्रत्येक क्रमांकावर असेल, तर आवाज आपल्या गेटवेच्या एफएक्सओ पोर्टातील हायब्रिडमधूनच वळतो आहे असे खुशाल धरावे. केवळ एखाद्याच दूरच्या लँडलाइन क्रमांकावर येणारा इको हा त्या टोकाचा असतो आणि त्यावर आपण येथून फारसे काही करू शकत नाही.

यापुढची कामे ठरावीक क्रमानेच करावी लागतात: आधी तार, मग इम्पीडन्सची जुळवणी, मग आवाजाच्या पातळ्या, आणि सर्वांत शेवटी इको कॅन्सलर. आपल्या पुरवठादाराने सुरुवात शेवटापासून केली.

तारेसाठी महागडे उपकरण लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. चारही लाइनचा लूप करंट मोजावा, म्हणजे फोन उचललेल्या अवस्थेत मीटर जोडीच्या एका तारेत मालिकेत लावून मिलिअँपिअर पाहावे. (फोन ठेवलेला असताना जोडीवर सुमारे ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना त्यावर ७५ व्होल्टांच्या आसपास प्रत्यावर्ती दाब येतो, तेव्हा उघड्या तारा हाताळताना सांभाळावे, आणि ढग गडगडत असताना हे काम करूच नये.) आकडा अमुकच असावा असे नाही, कारण तो एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर आणि तारेच्या जाडीवर ठरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला जाऊन येऊन किलोमीटरमागे साधारण १७५ ओहम रोध असतो, तर ०.४ मिलिमीटरच्या जोडीला साधारण २७५. महत्त्वाचे आहे ते हे, की एकाच डीपीवरून (परिसरातल्या लाइन वाटणाऱ्या पेटीवरून), एकाच केबलमधून आलेल्या चार लाइनचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत.

डिचोलीकडच्या एका काजू कारखान्याच्या कार्यालयात मी ऐन जुलैत गेलो होतो, तिथले उदाहरण देतो. तीन लाइनवर ३१, ३१ आणि ३० मिलिअँपिअर मिळाले, चौथीवर २२. ४८ व्होल्ट भागिले ३१ मिलिअँपिअर म्हणजे एकूण सुमारे १५५० ओहम, तर भागिले २२ म्हणजे सुमारे २१८०. चौथ्या लाइनच्या वाटेत कुठेतरी सहाशेहून अधिक ओहम जादा बसलेले होते. आम्ही व्हरांड्याच्या खांबावरचा रोझेट (लाइनच्या तारा जोडण्याची छोटी डबी) उघडला. आत मुंग्यांचे घर होते, पांढरी अंडी स्क्रूच्या खाचेपर्यंत पसरली होती. एका तारेचे टोक हिरव्या कळंकाने इतके खाल्ले होते की पक्कडीचा स्पर्श होताच त्याचा भुगा झाला. कारखान्याला नेमून दिलेला लाइनमन सोबत होता. त्याने तार दोन इंच मागे कापली, लख्ख तांबे दिसेपर्यंत सोलली आणि नवा रोझेट बसवला. करंट ३० मिलिअँपिअरवर आला, आणि गेटवेत काहीही न बदलता परत येणाऱ्या आवाजाची पातळी, जी पाठवलेल्या आवाजाच्या ९ डेसिबल खाली होती, ती १७ डेसिबल खाली गेली.

हे ९ डेसिबल कुठून येतात ते समजून घेण्यासारखे आहे. गेटवेची नक्कल ६०० ओहमची आहे असे धरू, आणि खराब जोडामुळे लाइन १२०० ओहमची दिसते असे मानू. दोहोंतील फरक ६००, बेरीज १८००, म्हणजे पाठवलेल्या दाबाचा एक तृतीयांश भाग मागे वळतो, आणि एक तृतीयांश म्हणजे सुमारे साडेनऊ डेसिबलची घट. प्रत्यक्ष लाइन अशी शुद्ध रोधाची नसते, केबलची धारकता किलोमीटरमागे सुमारे ५० नॅनोफॅरड असते आणि ती वरच्या स्वरांत जास्त जाणवते, तरी हिशेबाची दिशा हीच राहते. कळंक चढलेला जोड आणखी एक त्रास देतो. तो साध्या रोधकासारखा सरळ वागत नाही, आवाजाच्या चढउताराबरोबर आणि हवेतील दमटपणाबरोबर बदलत राहतो. असा बदलता दोष कोणताही इको कॅन्सलर शिकू शकत नाही. आपल्या चौथ्या लाइनचा त्रास पावसाबरोबर वाढला, एवढ्यावरून मला तिथे असाच एखादा जोड असण्याची दाट शंका येते.

आता आवारातील अन्य जोडण्या पाहाव्यात. लाइन इमारतीत जिथे शिरते तिथे आतील सर्व वायरिंग सोडवून गेटवेचा एक पोर्ट थेट तिथे जोडावा आणि इको ऐकून पाहावा. लक्षणीय कमी झाला तर दोष आतल्या वायरिंगमध्ये आहे. ब्रॉडबँडच्या काळातले, फोन आणि इंटरनेट वेगळे करणारे स्प्लिटर आणि छोटे फिल्टर हे इथले नेहमीचे कारण. वापरात नसलेले दोन-तीन फिल्टर एकाच जोडीवर समांतर राहिले की प्रत्येकातील कपॅसिटरची बेरीज होते, आणि १०० नॅनोफॅरड एवढी बेरीज ३००० हर्ट्झला सुमारे ५३० ओहमची आडवी वाट तयार करते, म्हणजे जवळजवळ लाइनच्याच तोडीची. ब्रॉडबँड बंद झाले असेल तर हे सगळे काढून टाकावे. फॅक्स, पहारेकऱ्याच्या खोलीतला समांतर फोन, स्वस्तातले विजेपासूनचे संरक्षक यांनाही एकेक करून सोडवून पाहावे. चांगला संरक्षक मात्र परत लावलाच पाहिजे, कारण मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजांनी गोव्यात दरवर्षी कितीतरी पोर्ट जळतात.

तार स्वच्छ झाल्यावर जुळवणीकडे वळावे. गेटवेच्या मांडणीत देश म्हणून भारत निवडलेला आहे ना, हे पहिल्यांदा पाहावे. अनेकदा यंत्र अमेरिकेच्या मूळ मांडणीवरच सोडलेले आढळते. पण देश निवडला म्हणजे काम संपले असेही नाही. लांब केबलच्या टोकाला असलेली लाइन शुद्ध ६०० ओहमपेक्षा रोध आणि कपॅसिटर मिळून होणाऱ्या इम्पीडन्सच्या जवळ असते, उदाहरणार्थ युरोपीय मांडणीत २७० ओहमच्या मालिकेत ७५० ओहम आणि त्याला समांतर १५० नॅनोफॅरड असे असते. त्यामुळे उपलब्ध पर्याय एकेक करून मोजून पाहावेत आणि कमीत कमी परतावा (परत वळणारा आवाज) देणारा ठेवावा. बऱ्याच गेटवेंत हे स्वयंचलित चाचणीने होते, आणि ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या संगणकात लाइनचे कार्ड लावलेले असेल तर एफएक्सओ-ट्यून हा प्रोग्राम हेच करतो. यंत्र लाइन उचलते, एखादा अंक डायल करून डायल टोन तोडते, त्या शांततेत वेगवेगळ्या वारंवारतेचे स्वर पाठवते आणि किती परत आले ते मोजते. दोन गोष्टी सांभाळाव्यात. चाचणी प्रत्येक लाइनसाठी स्वतंत्र करावी, कारण एका लाइनची उत्तम मांडणी दुसरीला लागू पडेलच असे नाही. आणि ॲस्टरिस्कच्या बाबतीत सापडलेले आकडे यंत्र चालू होताना पुन्हा भरले जातील अशी तजवीज करावी, नाहीतर वीज गेली की मेहनत वाया जाते. हे एवढे एक पाऊल राहून गेल्यामुळे पुन्हा पुन्हा बोलावणे आल्याचे मी अनुभवले आहे.

पातळ्यांच्या बाबतीत लोक उलटे करतात. ग्राहकाचा आवाज बारीक येतो म्हणून येणारा गेन (आवाज किती मोठा करायचा ते प्रमाण) वाढवतात, आपला आवाज पोचत नाही म्हणून जाणारा गेनही वाढवतात. परतणारा आवाज मात्र या दोन्ही वाटांनी जातो, त्यामुळे प्रत्येकी ३ डेसिबल वाढवले की बोलणे ३ डेसिबलने मोठे होते आणि इको ६ डेसिबलने. हाच हिशेब आपल्या फायद्यासाठी उलटा वापरता येतो. दोन्ही गेन ३ डेसिबलने उतरवले तर कानाला बोलण्यात थोडासाच फरक जाणवतो आणि इको ६ डेसिबलने खाली जातो. उतरवण्यालाही मर्यादा आहे: जाणारा गेन फार कमी झाला तर बँकांच्या स्वयंचलित उत्तर यंत्रणेला आपण दाबलेले अंक कळत नाहीत, आणि येणारा फार कमी झाला तर कॉल करणाऱ्याचा क्रमांक दिसेनासा होतो. म्हणून एका वेळी १ डेसिबल बदलावा आणि दोन्ही गोष्टी तपासाव्यात. गेन चढवून आवाज फाटू लागला असेल तर तो आधी खाली आणावाच लागतो. फाटलेला आवाज मूळ आवाजाची प्रत राहत नाही, आणि पुढे कॅन्सलरला त्याच्याशी काही करता येत नाही.

इथपर्यंत आल्यावरच इको कॅन्सलरचा खरा उपयोग होतो. त्याचे तत्त्व सुंदर आहे. आपण लाइनवर काय पाठवले हे त्याला माहीत असते. ते किती उशिराने आणि किती बारीक होऊन परत येते हे तो बोलणे चालू असतानाच शिकतो, त्याची नक्कल करतो आणि येणाऱ्या आवाजातून वजा करतो. हा विचार १९६०च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये पुढे आला, आणि त्यावरचा १९६७ सालचा पायाभूत लेख मन मोहन सोंधी यांचा आहे, ज्यांचे काही शिक्षण बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. त्याआधी लांब पल्ल्याच्या लाइनवर इको सप्रेसर वापरत. तो एकाचे बोलणे चालू असताना दुसऱ्याची वाटच तोडत असे, आणि त्यामुळे वाक्यांची सुरुवात गिळली जायची. आज कॅन्सलरांची पारख आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) जी.१६८ या शिफारशीनुसार होते.

कॅन्सलरला शिकण्यासाठी एक अट लागते. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू लागल्या तर त्याने शिकणे थांबवले पाहिजे, नाहीतर तो समोरच्याचाच आवाज खोडू लागेल. हे ओळखण्याची जुनी आणि अजूनही प्रचलित रीत अशी आहे: परत येणारा आवाज नुकत्याच पाठवलेल्या आवाजाच्या अर्ध्यापेक्षा मोठा असेल तर समोरचा बोलत आहे असे धरायचे. अर्धा म्हणजे ६ डेसिबल. आता लाइनवरून परतणारा इको जेमतेम ४-५ डेसिबलच खाली असेल, तर कॅन्सलर आपल्याच इकोला समोरच्याचे बोलणे समजतो आणि शिकायचे सोडून बसून राहतो. चौथ्या लाइनवर नेमके हेच होत असावे, आणि म्हणूनच त्याची लांबी कितीही वाढवली तरी उपयोग झाला नाही. तार, जुळवणी आणि गेन यांतून परतावा १२ ते १५ डेसिबल खाली नेला की तोच कॅन्सलर त्यावर आणखी २५-३० डेसिबलची घट सहज करतो.

लांबीविषयीचा गैरसमजही दूर करतो. कॅन्सलर गेटवेत, लाइनच्या तोंडाशी बसलेला असतो. आपल्या आयपी नेटवर्कचा ८०-१०० मिलिसेकंदांचा उशीर त्याच्या मागच्या बाजूला राहतो आणि त्याला तो मोजावाच लागत नाही. त्याला फक्त पोर्टापासून आवाज वळण्याच्या जागेपर्यंतचा आणि परतीचा वेळ झाकायचा असतो. आपल्याच हायब्रिडसाठी तो काही मिलिसेकंदांचा असतो, दूरच्या एक्स्चेंजच्या टोकापर्यंत धरला तरी राज्यातल्या कॉलला ३२ मिलिसेकंद पुरतात. सेकंदाला ८००० नमुने या हिशेबाने ३२ मिलिसेकंद म्हणजे २५६ नमुने आणि १२८ मिलिसेकंद म्हणजे १०२४. चौपट लांब कॅन्सलर शिकायला अधिक वेळ घेतो, त्यामुळे प्रत्येक कॉलच्या सुरुवातीचे काही क्षण इको उलट जास्त ऐकू येतो. आपण ३२ वर या, फार तर ६४ वर.

आपण शेवटी विचारले आहे की तांब्याच्या लाइन सोडून फायबर घ्यावे का. घ्यायला हरकत नाही, पण जोडणी कशी होते याकडे लक्ष द्यावे. फायबरच्या पेटीवर एक फोन पोर्ट असतो आणि बहुतेक ठिकाणी तो एक मीटरच्या वायरने जुन्याच एफएक्सओ पोर्टात खुपसला जातो. त्यात आवाज डिजिटलमधून ॲनालॉगमध्ये आणि पुन्हा डिजिटलमध्ये जातो, दोन हायब्रिड समोरासमोर येतात, आणि मधली तार इतकी आखूड असते की आवाज नको तितका मोठा पोचतो. तेव्हा दोन्ही गेन ३ ते ६ डेसिबल उतरवावे लागतात आणि जुळवणीची चाचणी पुन्हा करावी लागते. शक्य असेल तर फायबरवरून सिप ट्रंकच (नेटवर्कवरून डिजिटल रूपातच येणारी फोन जोडणी) थेट पीबीएक्सला घ्यावा. मग आपल्या बाजूला दोन तारांचे वळणच उरत नाही आणि इकोचे हे कारण मुळातून जाते.

तोपर्यंत चौथ्या लाइनपासून सुरुवात करा. लाइनमनला इको ऐकवू नका, त्याला चारही लाइनचे लूप करंटचे आकडे दाखवा. मिलिअँपिअरमधला फरक त्याच्या रोजच्या कामातला आहे आणि तो डीपीवर जाऊन जोड शोधून काढील. जुळवणी करताना प्रत्येक लाइनची तारीख, करंट, निवडलेला इम्पीडन्स, दोन्ही गेन आणि परताव्याचे डेसिबल एका कागदावर लिहून गेटवेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. जुलैत ओल्या केबलवर केलेली जुळवणी जानेवारीत तशीच उत्तम राहत नाही, म्हणून चवथ आटोपून पाऊस ओसरला की त्याच क्रमाने पुन्हा मोजा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा.